‘रखवाली’ आणि ‘नेमणूक’ : कॅप्टन मॅकिंटॉशच्या रामोशीवृत्तांताचे भाषिक परीक्षण

कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश याचा रामोशी जमातीविषयीचा इंग्रजी ग्रंथ १८३३ मध्ये मुंबईत छापला गेला. जमातीचे मूळ व तिची तत्कालीन स्थिती आणि तिचा नायक उमाजी याचे चरित्र असे दोन विषय त्यात एकत्र बांधलेले आहेत. इतिहासाच्या अभ्यासकांनी या ग्रंथाचा उपयोग उमाजीच्या बंडाचे साधन म्हणून केला, समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी जातिवर्णनाचा नमुना म्हणून केला. परंतु गुन्ह्याकडे वळलेल्या माणसाला काम दिले असता गुन्हा थांबतो काय, हा प्रश्न मराठी मुलुखापुरता विस्ताराने चर्चिणारा हा एक आरंभीचा ग्रंथ आहे, या दृष्टीने त्याचे परीक्षण फारसे झालेले नाही. बेकार तरुण, त्यांची गुन्हेगारी आणि त्यांना द्यावयाचा रोजगार या तीन गोष्टींचा संबंध आज ज्या शब्दांत मांडला जातो त्यांतील कित्येकांचा उगम या ग्रंथाच्या काळात, आणि भोर, वेल्हे व पुरंदर या डोंगरपट्ट्यात घडलेल्या व्यवहारात शोधावा लागतो. म्हणून प्रस्तुत परीक्षणाचा रोख घटनांपेक्षा शब्दांवर अधिक आहे.

ग्रंथकर्ता हा मद्रासच्या पायदळातील अधिकारी. उमाजीचा पाठलाग ज्यांच्याकडे सोपविला होता त्यांपैकी एक. १५ डिसेंबर १८३१ रोजी भोरजवळच्या उत्रौली गावी उमाजी पकडला गेला आणि १८३२ मध्ये पुण्यास त्याला फाशी देण्यात आली. या मधल्या अवधीत कैदेत असलेल्या उमाजीकडून मॅकिंटॉशने माहिती घेतली. एवंच हे चरित्र पकडणाऱ्याने पकडलेल्याच्या तोंडून ऐकून लिहिलेले आहे. सांगणारा मराठीत सांगतो, लिहिणारा इंग्रजीत लिहितो, आणि पुढे दीडदोन शतके मराठी लेखक तेच इंग्रजी मराठीत आणीत राहतात. या दुहेरी प्रवासात सर्वांत अधिक झीज कशाची झाली असेल तर ती हक्कवाचक शब्दांची. उमाजीच्या तोंडी जो शब्द ‘हक्क’ असा असणार, तो इंग्रजीत कधी देणे, कधी दस्तुरी, तर कधी उघड लूट होऊन बसतो, आणि मराठीत परत येताना ‘खंडणी’ होऊन येतो. ग्रंथाच्या विश्वसनीयतेविषयीची चर्चा तारखांपाशी न थांबता येथवर आली पाहिजे.

प्रथम जमातीच्या नावाविषयी. ‘रामोशी’ हा शब्द ‘रामवंशी’ यापासून आला असे एक मत आहे. ‘रानवासी’ किंवा ‘रानवाशी’ हे त्याचे मूळ असे दुसरे. ध्वनिदृष्ट्या पाहता पहिल्या व्युत्पत्तीची वाट अधिक सुकर दिसते. ‘अव’ या ध्वनिगटाचा मराठीत ‘ओ’ होतो, हे ‘लवण–लोण’, ‘नवनीत–लोणी’ या जोड्यांत दिसते. त्याच न्यायाने ‘रामवंशी’ याचे ‘रामोंशी’ व पुढे ‘रामोशी’ होण्यास हरकत नाही. दुसऱ्या व्युत्पत्तीत मात्र ‘न’ व ‘व’ यांच्या संयोगातून ‘म’ काढावा लागतो आणि ‘वा’तील दीर्घ स्वराचा ‘ओ’ का झाला याचे उत्तर राहूनच जाते. तथापि ध्वनिनियमांत बसणारी व्युत्पत्ती ही इतिहासाच्या दृष्टीने खरी असतेच असे नाही. या दोन व्युत्पत्तींत खरा झगडा प्रतिष्ठेचा आहे. एकीत वंश सांगितला जातो, दुसरीत वस्तीचे ठिकाण. ज्यांना या लोकांना रानटी ठरवावयाचे होते त्यांना दुसरी सोयीची. ज्यांना स्वतःला कुळात बसवावयाचे होते त्यांना पहिली. दोहोंतही त्यांच्या कामाचा उल्लेख नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. वास्तविक मराठी बोलणाऱ्या सामान्य माणसाच्या व्यवहारात ‘रामोशी’ म्हणजे प्रथमतः रात्रीचा पहारेकरी. ‘रामोशी ठेवला आहे’ या वाक्यात जात गौण असते, काम मुख्य असते.

मॅकिंटॉशने रामोशांच्या गुप्त बोलीतील शब्दही नोंदविले आहेत, हे या ग्रंथाचे एक मोठे श्रेय मानले पाहिजे. त्यांतील कित्येक शब्द तेलुगु–कानडी वळणाचे आहेत आणि त्यावरून ही जमात दक्षिणेकडून वर आली असावी असा तर्क बांधला गेला. तो ग्राह्य दिसतो. परंतु या शब्दसंग्रहातून दुसरा जो निष्कर्ष काढला जातो, की गुप्त बोली आहे त्या अर्थी तो धंदेवाईक चोरांचा समाज आहे, तो मात्र ग्राह्य धरता येत नाही. गुप्त बोली दलालांचीही असते, सोनारांचीही असते. बाजारात गिऱ्हाइकासमोर भाव ठरविताना कापडाचे व्यापारी बोटांनी व सांकेतिक आकड्यांनी बोलत असत, म्हणून त्यांना कोणी जन्मजात ठक म्हटले नाही. घरात एक भाषा आणि गावात दुसरी अशी स्थिती असलेल्या कोणत्याही स्थलांतरित समूहात घरची भाषा क्षीण होत होत तिचे थोडे शब्द उरतात, आणि उरलेले शब्द आपोआप आडपडद्याचे काम करू लागतात. बोलीचे हे स्वाभाविक जीवन ग्रंथकर्त्याच्या ध्यानात आले नाही, यात त्याचा दोष थोडा. परंतु पुढे १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरपर्यंत हीच दृष्टी चालत राहिली, ती मात्र दुर्लक्षिण्यासारखी नाही.

आता मुख्य विषयाकडे वळावयाचे. ग्रंथात रामोशांच्या गुन्हेगारीची दोन कारणे शेजारी शेजारी नांदतात आणि ती परस्परविरोधी आहेत, याची जाणीव ग्रंथकर्त्याला असल्याचे दिसत नाही. एक कारण स्वभावाचे : हे लोक असेच. दुसरे कारण कामाचे : यांच्याकडे किल्ल्यांची व गावांची राखण होती, ती गेली, म्हणून हे असे झाले. पहिले खरे मानले तर काम देऊन उपयोग नाही. दुसरे खरे मानले तर शिक्षा करून उपयोग नाही. कंपनी सरकारने दोन्ही उपाय आलटून पालटून केले आणि दोन्ही फसले.

उमाजीच्या आयुष्याचा आरंभ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्याचा जन्म १७९१ चा, पुरंदरच्या पायथ्याच्या भिवडी गावचा. त्याच्या घराण्याकडे पुरंदरच्या राखणीचे काम होते. १८०३ च्या सुमारास दुसऱ्या बाजीरावाने पुरंदर आपल्या ताब्यात घेऊन रामोशांचे हे काम व त्यावरील हक्क काढून घेतले. म्हणजे घरचे काम गेले तेव्हा मुलगा बारा वर्षांचा होता. ते इंग्रजांनी नव्हे तर पेशव्याने काढले, ही गोष्ट ‘आद्यक्रांतिकारक’ म्हणून लिहिल्या गेलेल्या कित्येक चरित्रांत घाईने उरकलेली असते, आणि ग्रंथपरीक्षणाच्या दृष्टीने तीच मुख्य आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, डोंगरी किल्ल्यांवरील शिबंदी मोडली, गडाखालच्या मेटांवर पिढ्यान्‌पिढ्या बसलेल्या माणसांची चाकरी संपली. त्याच वर्षी मुंबईच्या एका पेढीवाल्याचा माल खालापूरच्या वाटेवर लुटल्याबद्दल उमाजीला एक वर्षाची कैद झाली. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. तुरुंगात तो लिहावयास–वाचावयास शिकला असे त्याच्या चरित्रात सांगितले जाते. सुटून आल्यावर त्याला साक्षरता होती, परंतु काम नव्हते. तुरुंगातील शिक्षणाच्या योजनांची आज जी भलावण होते तिच्या कैवाऱ्यांनी हा आरंभीचा दाखला अवश्य विचारात घ्यावा. या साक्षरतेचा उपयोग पुढे जाहीरनामे काढण्याकडे झाला.

येथे ‘रखवाली’ या शब्दाचा विचार करणे प्राप्त होते. ‘राखणे’ हा धातू संस्कृत ‘रक्ष्’ पासून आलेला आणि मराठीत फार घरगुती : शेत राखणे, गुरे राखणे, शब्द राखणे. ‘रखवाली’ हे रूप उत्तरेकडच्या वळणाचे, आणि ते मराठी कारभारात दोन अर्थांनी आले. एक राखणीचे काम, दुसरे त्या कामाबद्दल गावाने द्यावयाचे देणे. काम आणि देणे यांना एकच शब्द असणे ही या व्यवस्थेची किल्ली आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात पेशव्यांच्या मुलुखातील बंदोबस्ताचे जे वर्णन केले त्यावरून हे स्पष्ट होते की गावचा राखणदार केवळ पगारी माणूस नव्हता. चोरी झाली तर माग काढण्याचे दायित्व त्याच्यावर असे. माग गावच्या शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावच्या राखणदाराच्या हवाली केला म्हणजे तो सुटला. माग शिवेच्या आत विरला तर नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर व गावावर. ‘मागमूस’ हा आज अगदी निर्जीव झालेला शब्द एके काळी किती जिवंत कायदेशीर व्यवहाराच्या शेजारी राहत होता, हे यावरून ध्यानात यावे.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. गाव रखवाली देत असे ते पुष्कळदा न दिल्यास काय होईल या भीतीने. पुण्याच्या छावणीतील गोरे लोकसुद्धा रामोशी पहाऱ्यास ठेवीत, कारण रामोशी ठेवलेल्या घरी रामोशी चोरी करीत नाहीत असा अनुभव होता. चोराच्या हाती जामदारखान्याच्या चाव्या ही म्हण येथे उपहासाची न राहता धोरणाची होते. शिवाय ज्या मुलाचा बाप राखणदार त्याला दुसरे कोणतेही काम खुले नव्हते. जात आणि काम यांची गाठ इतकी घट्ट होती की काम गेले म्हणजे नुसती जात शिल्लक राही. तरीसुद्धा या व्यवस्थेत तीन गोष्टी एकत्र होत्या, आणि त्या नंतर पुन्हा कधी एकत्र आल्या नाहीत : मान्य झालेला हक्क, त्याला जोडलेली जबाबदारी, आणि या दोहोंना साक्षी असलेले गाव.

मॅकिंटॉशच्या ग्रंथातील सर्वांत अभ्यसनीय भाग १८२८ च्या तडजोडीचा आहे. ऑक्टोबर १८२६ मध्ये उमाजीला पकडून देणाऱ्यास बक्षीस लावले गेले. तो हाती लागेना. भोरचा मुलूख पंतसचिवांचा, पलीकडचा साताऱ्याच्या छत्रपतींचा, पुरंदरचा कंपनीचा; एका रात्रीत तीन राज्यांच्या शिवा ओलांडता येत होत्या, आणि राजगड–तोरण्यापासून मांढरदेवच्या डोंगरापर्यंत लपावयास जागा कमी नव्हत्या. मागच्या व्यवस्थेत शीव ही माग हवाली करण्याची जागा होती. आता ती माग तुटण्याची जागा झाली. अखेरीस सरकारने रामोशांचे गुन्हे माफ केले आणि त्यांना डोंगरी पोलीस म्हणून पगारावर घेतले. उमाजीला दरमहा तीस रुपये आणि एकशेवीस बिघे जमीन देण्यात आली असे सांगतात. ज्या मुलुखात लूट केली त्याच मुलुखाच्या बंदोबस्ताचे काम त्याच्याकडे आले.

हा प्रयोग तत्त्वतः आजच्या कोणत्याही पुनर्वसन योजनेहून निराळा नाही, किंबहुना त्या मानाने धाडसी आहे. मग तो का फसला? मॅकिंटॉशचे उत्तर उमाजीच्या महत्त्वाकांक्षेत आहे : शिवाजीमहाराजांचा आदर्श त्याच्या डोळ्यांपुढे होता, त्याला राजा व्हावयाचे होते. हे उत्तर चरित्रलेखकाचे आहे, परीक्षकाचे नव्हे. सरकारी बाजूची मुख्य तक्रार अशी होती की नोकरीत असताही त्याने गावांकडून वसुली चालू ठेवली. परंतु ही वसुली कोणत्या नावाने चालू होती, हा प्रश्न ग्रंथात विचारलेलाच नाही. सरकारच्या दृष्टीने उमाजीला ‘नेमणूक’ मिळाली होती. नेमणूक म्हणजे नेमून दिलेली रक्कम; ती वरून येते आणि वरूनच बंद होते. उमाजीच्या व गावांच्या दृष्टीने मात्र पुरंदरची राखण परत मिळाली होती, आणि राखण म्हटली की रखवाली आलीच. एकाच करारावर दोन पक्षांनी दोन भाषांत सह्या केल्या असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. नेमणुकीच्या भाषेत जी खंडणी ठरते ती रखवालीच्या भाषेत पगार ठरते. याचा अर्थ उमाजीकडून जुलूम झालाच नाही असा नव्हे. एवढाच की जुलूम कोठे सुरू होतो याची रेघ दोन्ही पक्षांना मान्य अशा एका शब्दाने आखलेली नव्हती.

‘नाईक’ या शब्दानेही या घोटाळ्यात भर घातली. संस्कृत ‘नायक’ याचे हे मराठी रूप रामोशांत घराण्याचा मान दाखविते, टोळीत पुढारीपण दाखविते, आणि कंपनीच्या पायदळात त्याच शब्दाने हवालदाराच्या खालची पायरी दाखविली जाई. उमाजी नाईक पगारावर आला तेव्हा तो यांपैकी कोणता नाईक होता? हा केवळ शब्दविनोद नाही. तडजोड झाली ती नाईकाशी. त्याच्यामागे असलेल्या पोरसवदा माणसांशी नव्हे. त्यांना मिळावयाचे ते नाईकाच्या हातून मिळावयाचे. पुढाऱ्याला दिलेले काम अनुयायांपर्यंत पोहोचले म्हणून धरून चालणे ही चूक १८२८ ची, आणि तिची पुनरावृत्ती करण्याचा मोह आजही सुटलेला नाही.

१८३१ मध्ये उमाजीने जो जाहीरनामा काढला त्यात कंपनीची चाकरी सोडा, सारा भरू नका अशा आज्ञा आहेत, आणि ज्यांची वतने व हक्क बुडाले त्यांना ते परत मिळवून देण्याचे आश्वासन आहे. एका दृष्टीने हीसुद्धा रोजगाराची योजना होय. सरकारची त्या वर्षीची प्रतियोजना अशी की उमाजीला पकडून देणाऱ्यास दहा हजार रुपये व चारशे बिघे जमीन. तीस रुपये दरमहाच्या हिशेबाने दहा हजार रुपये म्हणजे सत्तावीस वर्षांहून अधिक पगार. काम देण्यापेक्षा पकडून देण्याला किती अधिक मोल लागले याचा हा हिशेब मॅकिंटॉशने मांडलेला नाही. आकडे मात्र उपलब्ध होते.

ग्रंथाचा पुढचा प्रभाव थोडक्यात सांगता येईल. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांना दौलतराव नाईक व त्यांचे रामोशी मिळाले, त्यामागे १८७६–७७ च्या दुष्काळाने आलेली उपासमार होती. पण तोवर रामोशांच्या गुन्ह्याचे स्वभावमूलक स्पष्टीकरण सरकारदरबारी पक्के झाले होते. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आणि त्याची १९११ ची सुधारित आवृत्ती यांनी ‘स्वभाव’ हे कारण कायद्यात नेऊन बसविले. मुंबई इलाख्यात स्टार्ट या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने सोलापुरासारख्या ठिकाणी वसाहती झाल्या. काटेरी कुंपणाच्या आत राहावयाचे, गिरणीत कामास जावयाचे, हजेरी द्यावयाची. येथे काम होते यात शंका नाही, आणि त्याचा काहींना उपयोगही झाला. परंतु कामावरची हजेरी आणि पोलिसांची हजेरी यांना मराठीत एकच शब्द आहे, आणि त्या कुंपणात या दोन हजेऱ्यांतील भेद पुसला गेला. सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे वस्तीचे नाव अद्याप आहे. मुंबई राज्यात हा कायदा १९४९ मध्ये व देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, रामोशी ‘विमुक्त’ ठरले. सरावाच्या गुन्हेगारांविषयीचे कायदे मात्र त्या रिकाम्या जागेत उभे राहिले.

याच्या उलट टोकाचा एक प्रयोग औंध संस्थानात १९३९ मध्ये झाला. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर येथे कैद्यांना भिंतीविना शेतीवर ठेवण्यात आले. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामुळे तो सर्वांस परिचित आहे, कथा ग. दि. माडगूळकरांची. चित्रपट प्रभावी आहे, परंतु त्यात काम हे प्रायश्चित्ताच्या रूपाने येते. श्रमाने मन निवळते, असा त्याचा भाव. भोर–पुरंदरच्या प्रकरणात मन निवळण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न कामावरच्या हक्काचा होता. आपल्याकडे या विषयावर जे लिहिले जाते त्यात या दोन कल्पना, प्रायश्चित्त आणि हक्क, नेहमी एकमेकींत मिसळलेल्या आढळतात.

आजच्या शब्दसृष्टीकडे येण्यापूर्वी ‘गुन्हेगार’ या शब्दाची घडण पाहिली पाहिजे. ‘गार’ हा फारसी प्रत्यय मराठीत ‘कामगार’, ‘मदतगार’, ‘खिजमतगार’ यांत दिसतो. तो एकदाच केलेली कृती दाखवीत नाही. व्यक्तीची ओळख दाखवितो. एकदा मदत करणारा मदतगार ठरत नाही, परंतु एकदा गुन्हा करणारा मात्र गुन्हेगार ठरतो. याच प्रत्ययाने ‘कामगार’ होतो, पण त्यासाठी रोज कामावर जावे लागते. ‘बेकार’ हा शब्दही असाच. काम नसलेला आणि उपयोग नसलेला हे दोन्ही अर्थ त्यात एकत्र आहेत, आणि ‘बेकार तरुण’ असे म्हणताना बोलणाऱ्याला यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे कित्येकदा त्यालाही ठाऊक नसते.

अल्पवयीनांपुरता हा दोष काढण्याचा प्रयत्न कायद्याने केला. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या मूलतत्त्वांत कलंक न लावणाऱ्या शब्दयोजनेचे तत्त्व स्वतंत्रपणे नोंदविले आहे. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने ते मुद्दाम वाचावे, कारण शब्दाने माणसाचे नुकसान होते ही गोष्ट येथे विधिमंडळाने मान्य केली आहे. ‘बालगुन्हेगार’ याच्या जागी महाराष्ट्रात ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ ही संज्ञा रूढ झाली. तिचा हेतू चांगला, पण घडण चमत्कारिक आहे. ‘ग्रस्त’ हे उत्तरपद मराठीत आपत्तीला जोडले जाते : दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त, धरणग्रस्त. वेल्हे तालुक्यातील पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटल्यावर पुण्यात ‘पूरग्रस्त’ हा शब्द घरोघर गेला. त्याच तालुक्यात पानशेत व वरसगावच्या पाण्याखाली ज्यांच्या जमिनी गेल्या ते ‘धरणग्रस्त’. (तालुक्याला ‘राजगड’ हे नाव देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला, कागदोपत्रीचे जुने नाव येथे सोयीसाठी ठेवले आहे.) मात्र भेद असा की ‘धरणग्रस्त’ या शब्दामागे दाखला आहे, आणि त्या दाखल्यावर सरकारी नोकरीतील राखीव जागेचा दावा सांगता येतो. ‘विधिसंघर्षग्रस्त’ या शब्दामागे असा कोणताही दावा नाही. शब्दाने मुलाला कर्त्याच्या जागेवरून उठवून पीडिताच्या जागी बसविले, परंतु पीडिताला जे मिळते ते दिले नाही. मुलाला कर्तेपणही नाही आणि भरपाईही नाही, अशी ही मधली अवस्था आहे.

त्याच कायद्याने मुलावर दोषसिद्धीची अपात्रता सामान्यतः राहू नये आणि निकाली प्रकरणाची नोंद पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठी उघड करू नये अशी तरतूद केली आहे. सोळा वर्षांवरील मुलांच्या अतिगंभीर गुन्ह्यांचा अपवाद निराळा. हे १८७१ च्या नोंदवहीच्या नेमके उलट आहे आणि त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. प्रश्न उरतो तो अठरा ओलांडलेल्या तरुणाचा. डोंगरातून हमरस्त्यावर, आणि हमरस्त्यावरून पुण्यात आलेल्या, शिक्षण अर्धवट राहिलेल्या मुलाला जी कामे सहज मिळू शकतात त्यांत पहारेकऱ्याचे काम अग्रभागी आहे. गणवेश, काठी, रात्रपाळी. व्यवहारात हीच ती जुनी रखवाली. परंतु खासगी सुरक्षा अभिकरणांच्या २००५ च्या कायद्याने चारित्र्याची पडताळणी आवश्यक केली आहे आणि न्यायालयाने दोषी ठरविलेल्या व्यक्तीला सुरक्षारक्षक म्हणून घेण्यास मनाई केली आहे. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली सोडलेल्या तरुणाची अपात्रता दूर होते, ही एक वाट खुली आहे. पण ती वाट खटल्याच्या वेळीच धरावी लागते, कामाच्या शोधात निघाल्यावर नव्हे. पहिल्या गुन्ह्यात परिवीक्षा मागावयाची असते हे ज्याच्या वकिलाने सांगितले नाही तो जन्मभर या कामास मुकतो.

जी जमात ‘पहारेकरी’ या अर्थाचा शब्द मराठीला देऊन गेली, तिच्या अपराधी ठरलेल्या मुलाला पहारेकरी होण्याची बंदी असावी, यात सुरक्षेचे कारण दाखविले जाईल आणि ते अगदीच खोटे नाही. गिऱ्हाइकाला आपल्या दाराशी कोण उभा आहे हे जाणण्याचा हक्क आहे. तथापि जुन्या रखवालीत हे जाणणे कागदावर अवलंबून नव्हते. गाव राखणदाराला ओळखत होते, त्याच्या बापाला ओळखत होते, चोरी झाली तर कोणाच्या दारात जावयाचे हे जाणत होते. आज पुण्याच्या सदनिकांच्या फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाचे आडनावही आतल्यांस ठाऊक नसते. त्याच्या ओळखीची जागा पडताळणीच्या दाखल्याने घेतली आहे, आणि दाखला एकच शब्द ओळखतो. मॅकिंटॉशच्या ग्रंथाची नवी मराठी आवृत्ती कोणी सिद्ध करील तर त्याने ‘रखवाली’ या शब्दाचे भाषांतर करू नये, तो तसाच ठेवावा; आणि ज्या ज्या ठिकाणी इंग्रजीत लूट वा वसुली या अर्थाचा शब्द आला आहे तेथे मूळ सांगणाऱ्याच्या तोंडी कोणता मराठी शब्द संभवतो याची टीप द्यावी. उमाजीचे जाहीरनामे, सरकारचे जाहीरनामे आणि पंतसचिवांच्या दप्तरातील त्या काळची राखणीविषयक कागदपत्रे एकमेकांशेजारी ठेवून वाचली तर या टिपांना आधार मिळण्यासारखा आहे.